आगोटीत कॅम्पर उभी करताना: ओल, उंदीर आणि दोन बॅटऱ्यांचा हिशेब

मे महिन्याची सहल आटोपली की कॅम्पर (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी) सोसायटीच्या कडेला किंवा गावच्या खळ्यात उभी करायची, किल्ली काढायची, वरून ताडपत्री ओढायची आणि थेट दसऱ्याला दार उघडायचे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण रीत आहे. दसऱ्याला दार उघडल्यावर आतून कुबट वास येतो, गाद्यांवर हिरवट ठिपके पडलेले असतात, सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते आणि पलंगाखालची महागडी बॅटरी मृतप्राय झालेली असते. यातले जवळजवळ सगळे नुकसान टाळता येते. मात्र त्यासाठी कामे ठरावीक क्रमाने करावी लागतात, आणि नेमका तो क्रमच बहुतेकांचा चुकतो.

पुढील मजकूर डिझेलच्या ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तिच्यात इंजिनची एक बॅटरी, पलंगाखाली आतल्या वापराची दुसरी बॅटरी, छतावर सौर पॅनेल, एक इन्व्हर्टर आणि लहान गॅस सिलिंडर आहे. ईको किंवा ओम्नीवर बेतलेल्या लहान कॅम्परला यातले टप्पे कमी लागतील, पण क्रम हाच राहील.

तयारी: कधी, किती दिवस आणि काय साहित्य

मृग लागण्यापूर्वी किमान आठ दिवस, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, काम हाती घ्यावे. एका दुपारी सगळे उरकण्याचा आग्रह धरू नये, कारण टाक्या पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात आणि बॅटरी चार्ज झाल्यावर तिचे खरे व्होल्टेज कळायला एक रात्र जावी लागते.

जवळ असाव्यात अशा वस्तू: डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाचा दाटपणा मोजणारी नळी), बॅटरीच्या नटांना बसणारे पाने, डिस्टिल्ड वॉटर, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली, स्टीलची बारीक जाळी, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, हातमोजे, चष्मा आणि एक वही. वही सर्वांत महत्त्वाची आहे. तारीख, दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज, हवेचा दाब आणि किलोमीटर या चार नोंदी नसतील, तर ऑक्टोबरमध्ये काय बिघडले आणि कधी बिघडले हे कोणीही सांगू शकत नाही.

टप्पा १: जागा निवडणे

पहिला प्रश्न पाण्याचा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले, आणि २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात मुठेच्या पुराने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या तळमजल्यांपर्यंत मजल मारली. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना नवे नाही, तरीही तेथे मोठ्या गाड्या उभ्या असतातच. परगावी जागा भाड्याने घेताना मालकाला "पाणी येते का?" असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी "नाही" असेच मिळते. शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारावे आणि आसपासच्या भिंतींवर जुन्या चिखलाची रेघ दिसते का, ते पाहावे.

दुसरा प्रश्न वरून पडणाऱ्या गोष्टींचा. कोकणात माडाखाली गाडी उभी करू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण शहरात गुलमोहराच्या फांदीखाली उभ्या केलेल्या गाड्या वळवाच्या पहिल्या वादळात फुटतात, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. पत्र्याची शेड मिळाल्यास उत्तम, मात्र गाडीचा निम्मा भाग शेडबाहेर राहत असेल, तर पागोळ्या नेमक्या छतावरच्या हवेच्या झडपेवर पडत नाहीत ना, ते पाहावे. चार महिने एकाच जागी धार पडत राहिली, तर चांगले सीलंटही टिकत नाही.

तिसरा प्रश्न जमिनीचा. मातीवर उभी केलेली गाडी जुलैपर्यंत रुतते आणि गवतातली ओल खालून चढत राहते. चारही चाकांखाली जांभ्याचे सपाट चिरे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे द्यावेत. गाडी अगदी सपाट उभी न करता तिचे तोंड किंचित वर ठेवले, तर छतावर पाणी साचत नाही.

सावधान: संपूर्ण गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळणे ही सर्वांत मोठी चूक आहे. आतला दमटपणा आतच कोंडतो, आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री रंग खरवडून काढते. उघड्यावर पर्यायच नसेल, तर ताडपत्री मांडवासारखी गाडीपासून हातभर उंच बांधावी आणि चारही बाजू मोकळ्या सोडाव्यात.

टप्पा २: गळती शोधणे

हे काम साफसफाईच्या आधी करायचे आहे, कारण त्यात आतला भाग भिजू शकतो. एकाने छतावर पाइपने मंद धार सोडावी आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसावे. दाबाचा फवारा वापरू नये. तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो आणि मग नसलेली गळती दिसू लागते. सुरुवात खिडक्यांच्या खालच्या कडेपासून करून हळूहळू वर यावे. सौर पॅनेलच्या पायांचे स्क्रू, केबल आत शिरते ती जागा आणि झडपेची चौकट शेवटी भिजवावी. वरून सुरुवात केली, तर पाणी सर्वत्र ओघळते आणि ते नेमके कुठून शिरले, हे कळत नाही.

जुन्या सीलंटवर नवा थर चढवू नये. जुने खरवडून, जागा कोरडी करून मगच नवीन भरावे आणि डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पुरा द्यावा. पुढच्या काचेखालच्या खाचेतला पालापाचोळा हाताने काढावा. तेथले पाणी जाण्याचे भोक तुंबले की पाणी थेट केबिनमध्ये उतरते.

टप्पा ३: पाणी, अन्न आणि गॅस रिकामे करणे

स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची अशा दोन्ही टाक्या पूर्ण उपसाव्यात. नळ उघडे ठेवून पंप काही सेकंद चालवावा म्हणजे नळ्यांत अडकलेले पाणी निघून जाते. मात्र पंप कोरडा फार वेळ फिरवू नये. टाक्यांची झाकणे दोन दिवस उघडी ठेवून त्या वाळल्या की तोंडाला बारीक जाळी बांधावी, कारण उरलेल्या तांब्याभर पाण्यातही डास अंडी घालतात. शौचालयाची टाकी असल्यास ती धुऊन, वाळवून घरी नेलेली बरी.

खाण्याचा एक कणही आत ठेवू नये. मिठाची डबी आणि बंद पाकिटातली बिस्किटे ठेवायला हरकत नाही, असे अनेकांना वाटते. मीठ ओल धरते आणि बिस्किटांचे पाकीट उंदरासाठी बंद नसते. फ्रिज पुसून त्याचे दार उघडे राहील, अशा बेताने मध्ये टॉवेलची घडी अडकवावी. गादी, उशा आणि पडदे घरी न्यावेत. ते शक्य नसेल, तर गाद्या उभ्या करून भिंतीपासून वीतभर लांब ठेवाव्यात. कपाटांची दारे उघडी ठेवावीत. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या चांगल्या चालतात, पण त्यात साचणारे खारट पाणी धातूला खाते. म्हणून त्या घमेल्यात ठेवाव्यात, बॅटरीच्या वर किंवा वायरिंगजवळ कधीही नाही.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढावा आणि सिलिंडर गाडीबाहेर, हवेशीर जागी उभा ठेवावा. याच वेळी गॅसच्या नळीवरची तारीख वाचावी. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ऑक्टोबरच्या घाईत ती तारीख कोणी पाहत नाही.

उंदरांच्या बाबतीत तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या, कापूर असे अनेक उपाय सांगितले जातात. माझ्या अनुभवात त्यांचा वास आठवडाभर टिकतो आणि उंदीर चार महिने टिकतात. खात्रीचा उपाय एकच: पाण्याच्या नळ्या, केबल आणि गॅसची नळी गाडीच्या तळातून जेथे बाहेर पडते, त्या प्रत्येक भोकाभोवतीची फट स्टीलच्या जाळीने बुजवणे. करंगळी शिरेल एवढी फट म्हणजे लहान उंदरासाठी उघडे दार आहे. गॅसच्या कप्प्याच्या तळाला गळती बाहेर जाण्यासाठी ठेवलेले छिद्र मात्र बुजवू नये, त्यावर फक्त जाळी लावावी.

तपासणी: सर्व बंद केल्यावर ओट्याजवळच्या कोरड्या जमिनीवर चिमूटभर रांगोळी पसरून ठेवावी. पुढच्या फेरीला त्यावर उमटलेली इवलीशी पावले कोणत्याही यंत्रापेक्षा आधी सूचना देतात.

टप्पा ४: इंजिन, चाके आणि ब्रेक

डिझेलची टाकी काठोकाठ भरावी. रिकाम्या जागेतली दमट हवा थंड झाली की तिचे पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते. पेट्रोलच्या गाडीलाही हेच लागू आहे, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओल ओढून घेते. टाकी भरून परतताना वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर कोरडे होतात. त्यानंतर मध्ये एकदाही गाडी धुऊ नये. धुवायची असेल तर आधी धुवावी आणि मग चालवावी.

चाकांत नेहमीपेक्षा तीन ते पाच पीएसआय हवा जास्त भरावी. पुढे-मागे ठोकळे लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा. ओढलेल्या हँडब्रेकचे शू पावसाळ्यात ड्रमला गंजाने चिकटतात आणि मग चाक हातोडीशिवाय सुटत नाही.

सावधान: आधी ठोकळे, मग हँडब्रेक. उलटा क्रम केल्यास उतारावर गाडी हातची जाते.

टप्पा ५: "बंद" असलेली वीज कुठे जाते, ते मोजणे

येथून बॅटरीचा भाग सुरू होतो, आणि सर्वाधिक गैरसमजही येथेच आहेत. किल्ली काढली म्हणजे वीज बंद झाली, असे नसते. घड्याळ, रिमोटच्या कुलपाचा रिसीव्हर, अलार्म, जीपीएस, म्युझिक सिस्टिमची स्मरणशक्ती, चार्ज कंट्रोलरचा (सौर पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणाऱ्या यंत्राचा) पडदा हे सर्व सतत थोडीथोडी वीज घेत राहतात.

पहिल्या वर्षी मी आतले सगळे दिवे, पंखा आणि फ्रिज बंद करून निर्धास्त झालो होतो. दसऱ्याला पाहिले, तर पलंगाखालच्या १५० एएच (अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) क्षमतेच्या बॅटरीचे व्होल्टेज ९.८ होते. शोधता शोधता ओट्याखाली, जमिनीलगत, एक हिरवा ठिपका मिणमिणत मरताना दिसला: गॅसगळती ओळखणारा सेन्सर. त्यातले गरम राहणारे घटक अखंड वीज घेतात. माझा ९० मिलिअ‍ॅम्पिअर घेत होता. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ०.०९ गुणिले २४ म्हणजे दिवसाला २.१६ एएच, आणि त्या हिशेबाने पूर्ण भरलेली १५० एएचची बॅटरी सत्तर दिवसांत तळाला जाते. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तर प्रकरण याहून गंभीर असते, कारण काहीही न जोडलेला इन्व्हर्टरही अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर खातो आणि तीच बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपवतो.

मोजण्याची पद्धत अशी. गाडीची दारे बंद करावीत आणि अर्धा तास थांबावे, कारण नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला तेवढा वेळ घेते. मल्टिमीटरची लाल वायर दहा अ‍ॅम्पिअरच्या खोबणीत घालून मीटर डीसी अ‍ॅम्पिअरवर ठेवावा. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरची केबल काढून ती केबल आणि ते टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडावा. इंजिनच्या बॅटरीवर ५० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंतचे वाचन सर्वसाधारण मानतात. त्याहून जास्त आल्यास एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे.

सावधान: मीटर अ‍ॅम्पिअरवर असताना त्याची दोन टोके बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावू नयेत. तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. मोजणी चालू असताना सेल्फ मारू नये आणि पंपही लावू नये. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून मोजणारे) बहुधा फक्त एसी प्रवाह मोजतात. बॅटरीसाठी डीसी मोजणाराच लागतो.

टप्पा ६: इंजिनची बॅटरी

आधी चार्ज, मग पाणी, मग विश्रांती, मग मोजणी, मग केबल काढणे, हा क्रम पाळावा.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या साधारण एक-दशांश असावा, म्हणजे १०० एएचला १० अ‍ॅम्पिअर. बॅटरीत पाणी घालायची सोय असेल, तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर खुणेपर्यंत घालावे. चार्जिंगच्या आधी भरल्यास द्रव फुगून वर येतो आणि आम्ल टर्मिनलांवर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तरच त्या जेमतेम बुडतील इतके पाणी आधी घालावे. आम्ल कधीही घालू नये. वाफ होऊन जाते ते पाणी, आम्ल आतच राहते.

चार्जर काढून, रात्रभर काही न वापरता ठेवून सकाळी व्होल्टेज पाहावे. चार्जर काढल्याबरोबर दिसणारा १३ च्या वरचा आकडा फसवा असतो. लेड-अ‍ॅसिड (शिसे आणि आम्लाच्या नेहमीच्या) बॅटरीसाठी विश्रांतीनंतरचे ठोकताळे असे आहेत:

१२.७ व्होल्ट: पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट: पाऊण
१२.२ व्होल्ट: अर्धी
१२.० व्होल्ट: पाव
११.८ व्होल्ट किंवा कमी: रिकामी

पूर्ण चार्ज होऊनही सकाळी १२.५ च्या खाली आकडा आल्यास ती बॅटरी पावसाळा काढणार नाही. अशा वेळी हायड्रोमीटरने प्रत्येक सेलचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पूर्ण चार्ज असताना ते १.२६ ते १.२८ च्या दरम्यान असते, आणि एखाद्या सेलमध्ये इतरांपेक्षा ०.०५ इतका फरक दिसला, तर तो सेल गेला असे समजावे.

टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी खर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवावी. सोड्याचा एक थेंबही झाकणांतून आत जाऊ देऊ नये. नंतर टर्मिनल पुसून केबल काढावी: ऋण आधी, धन नंतर. जोडताना याच्या बरोबर उलट. धन टर्मिनलचा नट सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तरी ऋण केबल आधीच काढलेली असल्याने ठिणगी उडत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असे जुने मेकॅनिक अजून सांगतात. आजच्या प्लॅस्टिक कवचाच्या बॅटरीच्या बाबतीत त्यात तथ्य नाही. फळीवर ठेवावी ती आम्लाचे डाग पडू नयेत म्हणून.

तपासणी: केबल काढण्यापूर्वी गाडीचे दार रिमोटशिवाय, साध्या किल्लीने उघडते का, ते पाहावे. बॅटरी काढल्यावर रिमोटचे कुलूप दाद देत नाही, आणि किल्लीचे भोक वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजलेले असते. आत्ताच तेलाचे दोन थेंब सोडावेत.

दर आठवड्याला इंजिन पाच मिनिटे चालू केले की बॅटरी ठीक राहते, हा समज सोडून द्यावा. सेल्फ घेताना खर्च होणारी वीज तशी थोडीच असते. खरी तूट असते आठवडाभर झिरपलेल्या विजेची, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. उभ्या गाडीच्या मंद इंजिनावर पाच मिनिटांत तो भरत नाही. शिवाय थंड इंजिनातली वाफ बाहेर न पडता सायलेन्सरमध्येच पाणी होऊन राहते. चालवायचीच असेल, तर रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवावी, नाहीतर इंजिनला हात लावू नये.

टप्पा ७: आतली बॅटरी आणि सौर पॅनेल

येथे बॅटरीची जात पाहूनच पुढे जावे, कारण दोन जातींचे नियम परस्परविरुद्ध आहेत.

ट्यूब्युलर किंवा अन्य लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून ठेवायची असते. अर्धवट चार्ज अवस्थेत तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते कालांतराने विरघळेनासे होतात. कशालाही न जोडलेली चांगली बॅटरी आपोआप महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के उतरते आणि उष्म्यात त्याहून अधिक, म्हणून दीड-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा पूर्ण चार्ज केली की पुरते. घरच्या इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांचे पूर्ण चार्जचे विशिष्ट गुरुत्व १.२४ च्या आसपास असते, तेथे १.२८ ची अपेक्षा धरून चार्जिंग लांबवत बसू नये. चार्ज करताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे पलंगाची फळी उचलून आणि खिडक्या उघडूनच हे काम करावे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मात्र पूर्ण भरून चार महिने ठेवू नये. ती ५० ते ६० टक्क्यांवर आणून तोडून ठेवावी. तिचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलत नाही, विश्रांतीनंतर १३.१ ते १३.२ म्हणजे मध्यम चार्ज समजावा, पण गाडीत शंटचा मीटर (बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजणारा) असल्यास त्याच्या टक्केवारीवर अधिक भरवसा ठेवावा. आकडा १३.० च्या खाली गेल्यास तासभर चार्ज द्यावा. बॅटरीतील बीएमएस (तिची राखण करणारे सर्किट) स्वतःही किंचित वीज घेतो. म्हणून "लिथियम आहे, काही होत नाही" या भ्रमात २० टक्क्यांवर सोडलेली बॅटरी एक दिवस स्वतःला बंद करते आणि मीटरवर जवळपास शून्य दाखवते. साधा चार्जर मग तिला ओळखतच नाही. लिथियमसाठी असलेला, झोपलेली बॅटरी जागी करणारा चार्जर लागतो. लेड-अ‍ॅसिडच्या चार्जरवरचा सल्फेट काढणारा किंवा समतोल साधणारा मोड लिथियमवर कधीही लावू नये. तो १५ व्होल्टच्या वर जातो.

दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारा रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच, हा दुर्लक्षित दुवा आहे. व्होल्टेज पाहून जोडणी करणारा रिले साधारण १३.३ ला लागतो आणि १२.८ ला सुटतो. आत लिथियम बॅटरी असेल, तर तिचे विश्रांतीचे व्होल्टेजच १३.२ असते, एकदा लागलेला रिले मग सुटत नाही आणि इंजिनची बॅटरी निमूटपणे दुसरीतून ओढत राहते. या रिलेचा किंवा त्याऐवजी बसवलेल्या डीसी-टू-डीसी चार्जरचा (एका बॅटरीवरून दुसरी भरणाऱ्या यंत्राचा) फ्यूज काढून, त्यावर चिठ्ठी लावून, तो पिशवीत घालून ठेवावा.

सौर पॅनेलचा निर्णय जागेवर अवलंबून आहे. गाडी उघड्यावर असेल आणि बॅटरी लेड-अ‍ॅसिड असेल, तर सर्व उपकरणे तोडून फक्त पॅनेल, कंट्रोलर आणि बॅटरी एवढेच जोडलेले ठेवावे. ढगाळ दिवसातही बॅटरी भरलेली राखण्यापुरते ऊन मिळते. गाडी शेडखाली असेल, तर पॅनेल काही देत नाही आणि कंट्रोलर मात्र घेत राहतो, म्हणून दोन्ही तोडावेत. लिथियम असल्यास कुठेही असली तरी तोडावेत, नाहीतर पॅनेल तिला चार महिने काठोकाठ भरून ठेवील.

सावधान: तोडताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरी काढून पॅनेल तसेच जोडलेले ठेवले, तर पॅनेलचे पूर्ण व्होल्टेज कंट्रोलरवर येते आणि अनेक कंट्रोलर त्यातच जळतात. उन्हात काम करताना पॅनेलवर जाड चादर टाकून मग वायरी सोडवाव्यात.

टप्पा ८: चोरीचा बंदोबस्त

उभ्या कॅम्परमधून आधी जाते ती बॅटरी, कारण भंगारातही तिला चांगली किंमत येते. बॅटरीच्या कप्प्याला स्वतंत्र कुलूप असावे, आणि जमत असल्यास आतली बॅटरी व इन्व्हर्टर सरळ घरी न्यावेत. स्टिअरिंगला दांड्याचे कुलूप आणि रस्त्याकडच्या चाकाला क्लॅम्प लावावा. पडदे काढल्यामुळे आतले सगळे दिसते, अशी अनेकांची तक्रार असते. आत नेण्यासारखे काही नाही, हे दिसलेले बरे.

जीपीएस यंत्र आणि तोडलेली बॅटरी यांचा मेळ बसत नाही. यूपीएसमध्ये असते तशी ७ एएचची वेगळी बॅटरी दिली, तरी २० मिलिअ‍ॅम्पिअर घेणारे यंत्र तिच्यावर कागदोपत्री चौदा-पंधरा दिवस आणि प्रत्यक्षात त्याहून कमी चालते. त्यामुळे एकतर स्वतःची बॅटरी असलेले, दिवसातून एकदाच स्थान कळवणारे यंत्र घ्यावे, किंवा फेरीच्या तारखा त्या हिशेबाने ठरवाव्यात.

विमा जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल, तर तो आत्ताच नव्याने भरावा. गाडी उभीच आहे, म्हणून विमा लांबवणाऱ्यांना चोरी, आग आणि पूर यांपैकी कशाचेही संरक्षण राहत नाही, आणि ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) जातो. दोन्ही मूळ किल्ल्या घरी, एकाच ठिकाणी ठेवाव्यात. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या दोन्ही मागतात.

टप्पा ९: पावसाळ्यातली फेरी

दर तीन आठवड्यांनी एक तास काढावा. कोरडा दिवस निवडून सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात, ओल शोषणाऱ्या डब्या ओताव्यात, रांगोळी पाहावी, छताच्या कोपऱ्यांवर हात फिरवून ओल तपासावी. दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वहीत लिहावे, लेड-अ‍ॅसिड १२.४ पर्यंत आली की पुढच्या फेरीची वाट न पाहता चार्ज करावी. गाडी पाव चाकभर पुढे किंवा मागे ढकलावी म्हणजे टायरचा एकच भाग दबून राहत नाही. चार्जरसाठी सोसायटीच्या प्लगवरून वायर ओढायची असल्यास तो प्लग आरसीसीबीवर (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असावा आणि वायरचा जोड पाण्यात पडलेला नसावा.

सावधान: गाडीत पुराचे पाणी शिरले असेल, तर बॅटरी जोडू नये आणि सेल्फ मारून पाहू नये. इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनसाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर विमा कंपनी तो खर्च सहसा देत नाही. फोटो काढावेत आणि गाडी ओढून न्यावी.

टप्पा १०: दसऱ्याला बाहेर काढताना

बॉनेट उघडून आधी एअर फिल्टरचा डबा उघडावा. एका वर्षी माझ्या फिल्टरमध्ये शेजाऱ्यांच्या वर्तमानपत्राच्या बारीक चिंध्यांचे वाटीएवढे घरटे निघाले, आणि त्यात राशिभविष्याचा स्तंभ तेवढा शाबूत होता. फिल्टरनंतर वायरींवर कुरतडल्याच्या खुणा, मग इंजिन ऑइल आणि कूलंट पाहावे.

दोन्ही बॅटऱ्या पुन्हा पूर्ण चार्ज करून मगच जोडाव्यात: धन आधी, ऋण नंतर, काढलेले फ्यूज चिठ्ठ्या पाहून परत बसवावेत, मग सौर कंट्रोलरला बॅटरी आणि शेवटी पॅनेल. दुसऱ्या गाडीवरून जंप देण्याची वेळ आलीच, तर लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धनाला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋणाला लावून तिचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावे. लिथियम बॅटरीला जंप देऊ नये.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. हवा नेहमीच्या दाबावर आणावी, हँडब्रेक ओढून ठोकळे काढावेत, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ब्रेक हलकेच दाबत जावे, म्हणजे ड्रमवरचा गंज निघून जातो. पाण्याची टाकी दोनदा भरून ओतल्याशिवाय ते पाणी पिण्यासाठी वापरू नये. गॅस जोडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहावा. आणि टप्पा ५ मध्ये सांगितलेला गॅसचा सेन्सर चूल पेटवण्यापूर्वी पुन्हा जोडला आहे ना, याची खात्री करावी.

पन्नास किलोमीटरची एक फेरी मारून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी सेल्फ मारताना दुसऱ्याला मीटर धरायला सांगावे. सेल्फ फिरत असताना इंजिनच्या बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरले, तर ती बॅटरी दिवाळीच्या सहलीआधी बदलावी.